माझा बोल्ट मर्विनकडे आहे

मी बंदूक बोलतेय. दचकू नका, सध्या माझ्याने माशीही मरणार नाही. मोंटानातल्या एका गॅरेजच्या भिंतीवर मी टांगलेली आहे, आणि का टांगलेली आहे तेच सांगायचंय.

मी काही कारखान्यातली नव्हे. ड्वेन हॅल्वर्सन नावाच्या निवृत्त ट्रक-मेकॅनिकने हौसेने मला घरीच जुळवलं. नळी एका गावाहून पार्सलने आली, स्प्रिंगा दुसरीकडून. दस्ता मात्र परसात वादळाने पडलेल्या मेपलच्या झाडाचा. तो ड्वेनने स्वतः कोरला, आणि तेल चोळून चोळून गुळगुळीत केला तो त्याच्या बायकोने, जोलीनने. "सवतीला मालिश करणारी जगात मी एकटीच असेन," ती म्हणायची. ड्वेन खाली मान घालून हसायचा.

रूप होतं, पण गुण नव्हते. तिसरी गोळी हमखास अडकायची. दर शनिवारी ड्वेन आणि शेजारचा मर्विन खडीच्या खाणीत जाऊन रिकामे डबे मांडायचे, दोन उडवायचे, आणि तिसऱ्याला मी हटून बसायचे. मग घरी आणून मला बाकावर उघडायचं आणि वाद घालायचा. हा म्हणे स्प्रिंग, तो म्हणे गोळ्या भरायचं मॅगझिन. दुकानातून आणली असतीस तर एव्हाना हरणाचं मटण फ्रीजमध्ये असतं, असा मर्विनचा टोमणा ठरलेला. जोलीन गरम चिलीचे, म्हणजे तिखट खिमा-राजम्याचे, वाडगे घेऊन यायची आणि आधी दोघांना हात धुवायला पिटाळायची. खरं सांगू? माझा दोष सापडावा अशी त्या दोघांना मुळीच घाई नव्हती.

गेल्या हिवाळ्याच्या तोंडावर जोलीन गेली. आजार कळला आणि ती गेली, मध्ये उसंतच मिळाली नाही. शेजारणींनी आणून दिलेल्या जेवणाची भांडी ड्वेनने न उघडताच परत केली. गॅरेजमधला हीटर बंद झाला. मी बाकावर तशीच उघडी पडून होते. मग एके दिवशी त्याने मला पुसलं आणि मुकाट्याने जुळवलं. मर्विनला बोलावलंसुद्धा नाही. हे लक्षण मला तेव्हाच बरं दिसलं नाही.

शनिवारी मर्विन डोकावला, तर ड्वेनने अवजारांची पेटी त्याच्यापुढे सरकवली. घेऊन जा म्हणाला, मला आता काय करायचीय. मर्विन खूश झाला, त्या पेटीवर त्याचा कधीपासून डोळा होता. पेटी ट्रकमध्ये ठेवून त्याने इंजिन सुरू केलं. पण ट्रक काही हलेना. साधा पाना उसना देताना चारदा बजावणारा माणूस अख्खी पेटी देऊन टाकतोय, हे त्याच्या डोक्यात उशिरा शिरलं. तो इंजिन बंद करून परत आला.

"ड्वेन, जीव द्यायचं मनात आहे का तुझ्या?"

ड्वेन माझ्याकडे बघत राहिला. "असतं," तो म्हणाला. "रोज नाही."

मर्विनने आरडाओरडा केला नाही. स्टूल ओढून शेजारी बसला. घरातल्या सगळ्या बंदुका मी माझ्याकडे नेतो म्हणाला, आणि सोमवारी डॉक्टरकडे मीच तुला घेऊन जाणार. ड्वेनने मान डोलावली. पण मर्विनचा हात माझ्याकडे वळला तसा तो उठून आडवा आला.

"हिला नको रे. हिच्या लाकडाला जोलीनचा हात लागलाय."

"मग हिचा बोल्ट दे. हिवाळा सरेपर्यंत."

बोल्ट म्हणजे माझ्या पोटातला पोलादी तुकडा. तो नसला की मी नुसती काठी. एरवी ड्वेनने तो डोळे मिटूनही काढला असता. त्या दिवशी फार वेळ लागला. तुकडा मर्विनच्या तळहातावर ठेवला आणि ड्वेन ढसाढसा रडला. जोलीनला पुरतानाही रडला नव्हता. मर्विनने त्याला जवळ घेतलं, सवय नसलेली माणसं घेतात तसं अवघडून.

तेव्हापासून मी अशी भिंतीवर टांगलेली आहे. हिवाळा सरला. डॉक्टरांकडे जाणं चालू आहे. काही दिवस बरे जातात. काही दिवस ड्वेन नुसता येऊन माझ्या दस्त्यावर तळवा टेकवून उभा राहतो, आणि माझा जीव तुटतो, कारण त्याची समजूत काढायला मला तोंड नाही. शनिवारी मर्विन येतो. बोल्ट आणलास का, ड्वेन विचारतो. विसरलो रे, मर्विन म्हणतो. ड्वेन क्षणभर त्याच्या तोंडाकडे बघतो, मग दोन कपांत कॉफी ओततो.

गोळी अडकायची तेव्हा मला फार लाज वाटायची. आता मला पुरी व्हायचंच नाही. मर्विन, बाबा रे, या शनिवारीही विसर.