पिवळ्या दिव्यांचं बटण

ताईला एकोणसाठावं लागलं आणि तिने मोटरसायकल घेतली. साधीसुधी नव्हे, लांबच्या प्रवासाची, दोन्ही बाजूंना पेट्या असलेली, अंगणात उभी केली तर अर्धं फाटक अडवणारी. "घ्यायचीच होती तर एखादी हलकी स्कूटर घ्यायची," असं जो म्हणेल त्याला ताईचं एकच उत्तर, "स्कूटर तुम्ही घ्या." संपला विषय.

एकतीस वर्षं या बाईने कवळ्या केल्या. दातांचे डॉक्टर प्लास्टरचे साचे पाठवायचे आणि ही एका खिडकीच्या खोलीत मान खाली घालून त्यावर दात बसवायची. अर्धं गाव तिच्या हातचे दात दाखवून हसत होतं आणि रस्त्यात तिला ओळखतही नव्हतं. ज्या दिवशी तिने त्या खोलीला कुलूप लावलं, त्याच दिवशी ठरवलं होतं की जमीन जिथे संपते तिथल्या दीपगृहापर्यंत जायचं. सोळा दिवस, एकटीने. का, असं विचाराल तर कारण काही मोठं नाही. तिला जायचं होतं. माणसाला एकदा तरी केवळ जायचंय म्हणून जाता यावं की नाही?

तिचा धाकटा भाऊ तिच्याच घरात, खालच्या मजल्यावर राहायचा. छप्पन्न वर्षांचा, डोक्यावर केस मोजके, पण ताईसाठी तो अजून छोट्याच. विम्याच्या कचेरीत नोकरी आणि टेबल अपघाताच्या दाव्यांचं. जन्मभर त्याने गाड्या पाहिल्या त्या फोटोत, आणि त्याही सगळ्या चेपलेल्या. नीट जाऊन नीट परत आलेल्या माणसाचा कागद त्याच्या टेबलावर कशाला येईल? तेव्हा बहिणीची मोटरसायकलही त्याला चेपलेलीच दिसायची, यात त्याचा तरी काय दोष. दोष पुढे आहे.

रविवारी पहाटे निघायचं ठरलं होतं. शनिवारी सकाळी ताई पेट्या भरायला खाली आली आणि बघते तर हँडलच्या डाव्या बाजूचं लाल बटण तुटून लोंबकळतंय. हे बटण पुढच्या दोन पिवळ्या दिव्यांचं. गाडीचा मूळ दिवा धुक्यात काही कामाचा नव्हता आणि तिसऱ्या दिवशीच्या घाटात सकाळी दहापर्यंत धुकं असतं, म्हणून तिने ते दोन जादा दिवे बसवून घेतले होते. ताई हट्टी होती, वेडी नव्हती. दिव्यांशिवाय तो घाट चढायचा नाही, हे तिने स्वतःशीच पक्कं केलेलं. आणि घाट नाही तर दीपगृह नाही.

तिने गॅरेजला फोन लावला.

"काकू, ते बटण कंपनीतून मागवावं लागेल," पलीकडून मेकॅनिक म्हणाला. "दहा दिवस धरा. बरंच झालं म्हणा ना, या वयात एवढ्या लांब कशाला उगाच नसती उठाठेव?"

"तुझ्या वयात तू कुठवर गेलास रे?"

"मी? मी कुठे जाणार काकू, इथे कामच एवढं असतं."

"मग मला जाणाऱ्यांच्या गोष्टी शिकवू नकोस," असं म्हणून ताईने फोन ठेवला. दहा दिवस म्हणे! दहा दिवसांनी हे लोक अकरावं कारण काढणार, हे तिला पुरतं ठाऊक होतं.

इतक्यात भाऊ चहाचा कप घेऊन बाहेर आला. हँडलकडे त्याने पाहिलंसुद्धा नाही.

"बटण तुटलंय," ताई म्हणाली.

"अरेरे," भाऊ म्हणाला. "मग आता गाडी काही चालू व्हायची नाही. राहू दे ताई, नशिबातच नव्हतं म्हणायचं. पुढच्या वर्षी बघू."

कुठलं बटण ते ताईने सांगितलं नव्हतं. गाडी चालू होणार नाही असं तर अख्ख्या जगात कुणीच म्हटलं नव्हतं. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. तिने चावी फिरवली, अंगठ्याने उजवीकडचं बारकं करडं बटण दाबलं, आणि गाडी एका दमात घुरघुरायला लागली.

भावाचा चेहरा असा पडला की चहा सांडेल असं वाटलं.

"चालू... झाली?"

"चालू व्हायला काय झालंय तिला?" ताई म्हणाली आणि गाडी बंद केली.

मग तिने तुटलेलं बटण डोळ्यांजवळ धरलं. एकतीस वर्षांत हजारो मोडक्या कवळ्या तिच्या हातात आल्या होत्या. लोक यायचे, म्हणायचे, आपोआप तुटली हो. आपोआप तुटलेल्या वस्तूचा तडा हळूहळू वाढत जातो, त्याची कड वेगळी असते. आणि काहीतरी खुपसून उचकटलं की एकाच जागी दाब बसतो आणि तिथलं प्लास्टिक पांढरं पडतं. या बटणाच्या खालच्या कडेला नखाएवढा पांढरा डाग होता. हे तुटलेलं नव्हतं, तोडलेलं होतं. आणि तोडणाऱ्याने बाकी सगळी करडी बटणं सोडून हेच का निवडलं, तर हे लाल आणि सगळ्यात मोठं. गाडीतलं ओ की ठो कळत नसलेल्या माणसाला वाटणार की जे लाल आणि मोठं, तेच मुख्य. शहाण्याने सगळी गाडी सोडून दिव्यांवर हात साफ केला होता!

ताईला हसू आलं, आणि त्या हसण्याखाली रागही आला. तिने तो बाजूला ठेवला. आधी काम, मग भांडण. रागाने केलं की दोन्ही बिघडतात.

बाजाराच्या टोकाला गाड्यांच्या वायरिंगचं एक दुकान होतं. तिथल्या म्हाताऱ्या दुकानदाराने जुनं बटण उलटसुलट केलं आणि एका खोक्यातून दुसरं काढलं.

"हे ट्रॅक्टरचं आहे. भोक तेवढंच. तुम्हाला बसवून कोण देणार?"

"मी."

त्याने चष्म्यावरून एकदा पाहिलं आणि कटर, चार कनेक्टर आणि दोन फ्यूज पुडीत घातले. एक शब्द उपदेशाचा नाही. असा माणूस भेटला की बरं वाटतं हो.

दुपारी अंगणात जुनी चादर पसरून ताई बसली. आधी बॅटरीची एक तार सोडवली. टाकीखालचं झाकण काढलं. हँडलकडून तीन वायरी येत होत्या.

"छोट्या, इकडे ये. या धर."

"मी? मला शॉक बसेल."

"बॅटरी सोडवलीय. धर म्हणते ना."

भाऊ उकिडवा बसला आणि साप धरावा तशा त्या वायरी त्याने दोन बोटांत धरल्या. ताईने त्यांची टोकं सोलली, कनेक्टर चढवले, पकडीने दाबले. दाताच्या मुळाशी मेण लावणारे हात ते, त्यांना हे काय अवघड? जुन्या बटणावर वायरी ज्या जागी होत्या, त्याच जागी तिने नव्यावर लावल्या. बॅटरी जोडली. चावी फिरवली, बटण दाबलं.

टक् असा बारीक आवाज झाला. दिवे लागले नाहीत.

"गेली?" भावाने विचारलं. त्या एका शब्दात इतकी आशा होती की ताईच्या डोक्यात तिडीक गेली.

"फ्यूज गेला. मी अजून इथेच आहे."

"मी म्हणतो ताई, देवाचीच इच्छा नसेल. आपण हात दाखवून अवलक्षण कशाला..."

"देवाला मध्ये घेऊ नकोस. त्याने काही तोडलेलं नाहीये."

भाऊ उगाचच पकड पुसायला लागला.

ताईने बॅटरी पुन्हा सोडवली, बटण काढलं आणि उलटं केलं. पाठीवर बारीक खुणा होत्या, दिसतील न दिसतील अशा. तिने आपलं जुनं भिंग आणलं, तेच, ज्यातून तिने दातांच्या कडा तपासल्या होत्या. आणि कपाळावर हात मारला. नव्या बटणात जागा वेगळ्या होत्या! दिव्यांकडे जाणारी वायर जिथे जायला हवी तिथे तिने जमिनीची, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडलेली वायर लावली होती. बटण दाबलं की सगळी वीज दिव्यांकडे न जाता सरळ सांगाड्यात. फ्यूज उडणार नाही तर काय आरती ओवाळणार? चूक तिची होती. जुनं तसंच नवं असणार, असं धरून चालली होती.

दोन वायरींची अदलाबदल केली. नवा फ्यूज घातला. बॅटरी जोडली. आता चुकून चालणार नव्हतं, कारण खिशात एकच फ्यूज उरला होता आणि दुकान शनिवारी लवकर बंद होई.

बटण दाबलं, आणि समोरच्या भिंतीवर पिवळाधमक उजेड पडला.

"लागले!" भाऊच ओरडला. मग त्याला आठवलं की आपण कुठल्या बाजूचे आहोत, आणि तो उठून कपडे झटकायला लागला.

"बस," ताई म्हणाली. "आता बोल. स्क्रूड्रायव्हर घेतलास की सुरी?"

तो बसला.

"सुरी," शेवटी तो म्हणाला. "स्वयंपाकघरातली. ताई, मी रोज ते फोटो बघतो. नावं असतात, वय असतं, खाली एक ओळ असते, जागीच. परवा एका बाईचं वय एकोणसाठ होतं. मला जेवण गेलं नाही. आई गेली, दादा गेला. तू गेलीस तर या घरात मी कुणाला हाक मारू?"

ताईचा राग एकदम उतरला असता. तिला गलबलून आलंच होतं. पण तिने ते गिळलं, कारण तिला ठाऊक होतं की आत्ता डोळ्यांत पाणी आलं तर उद्या पहाटे पाय घरातच राहणार.

"ऐक छोट्या," ती म्हणाली. "त्या खोलीत मी एकतीस वर्षं बसले, तेव्हा कुणाला काळजी वाटली नाही. माझी मान वाकडी झाली, डोळ्यांना चष्मा लागला, तेव्हा कुणी सुरी घेऊन टेबल मोडायला आलं नाही. बसून मेलेली चालते आणि जाऊन मेलेली चालत नाही, असं आहे का तुमचं?"

भाऊ चादरीवरचे वायरींचे तुकडे गोळा करायला लागला.

ताईने टाकीखालच्या वायरींच्या जुडग्यातून एक लाल वायर बोटाने वर उचलली. "ही बघ. नीट बघ. चावीकडून येते. ही कापलीस की चावी कितीही फिरव, गाडी दगड. इथे इतक्या आत कापलीस तर मला जोडताही यायची नाही. तुला जे करायचं होतं ते इथे करायचं असतं, त्या लाल बटणावर नाही."

तिने कटर उचलला आणि सीटवर ठेवला. "झाकण मी लावत नाही. अख्खी रात्र तुझी आहे. तोडायचं तर ठाऊक असून तोड. आणि तोडलंस तर सकाळी माझ्यासमोर उभं राहून सांग."

"ताई, असं काय करतेस..."

ती वर निघून गेली. दार लावलं. झोपली का? डोंबल झोपली. माणूस तोंडावर बोलतो वाघासारखं, पण छातीत काय चाललंय ते उशीला ठाऊक.

पहाटे ती हेल्मेट घेऊन खाली आली. सीटवर कटर नव्हता.

टाकीखालचं झाकण कुणीतरी लावून टाकलं होतं, आत काय झालंय ते दिसायला मार्ग नव्हता. भाऊ पायरीवर बसला होता, स्वेटर घालून, डोळे लाल. ती थेट गाडीवर बसली, चावी फिरवली आणि अंगठा दाबला.

गाडी चालू झाली.

"कटर कुठाय?" ती म्हणाली.

"आत ठेवला. दव पडतं, गंजला असता." तो उठून जवळ आला. "ती वायर धरली होती मी. दोनदा. मग म्हटलं, कापली तर तू घरात राहशील खरी, पण माझ्याकडे बघणार नाहीस. ते मला त्या फोटोंपेक्षा वाईट वाटलं."

ताईने हेल्मेट चढवलं, काच मात्र वर ठेवली. त्याच्याकडे पोटभर बघितलं.

"पोचलीस की फोन कर," तो म्हणाला.

"मी नाही करणार. रोज संध्याकाळी सातला तू करायचा. घाबरणारा तू, तर फोनही तुझा."

"आणि नाही उचललास तर?"

"तर पुन्हा कर," ती म्हणाली, पिवळे दिवे लावले आणि फाटकातून बाहेर पडली.