डाव्या कानावरचा डाग

आमच्या अपघात विभागात येणाऱ्या प्रत्येकाला वाटतं, की यंत्रात घातलं की सगळं कळतं आणि नाही घातलं तर डॉक्टर कंजूष आहे. त्या बाबतीत मी कंजूषच होते. डोक्याला टेंगूळ आलेला माणूस शुद्धीवर असेल, धड बोलत असेल, उलट्या नसतील, तर त्याला नजरेखाली ठेवायचं, उगाच किरणांचा मारा करायचा नाही, या धोरणाने मी नातेवाइकांची भरपूर बोलणी खाल्ली. त्यामुळे माझ्या नावाने होणारे सीटी स्कॅन मोजकेच असत, आणि त्यामुळेच तो डाग माझ्या लवकर ध्यानात आला.

पहिल्यांदा तो शिडीवरून पडलेल्या एका रंगाऱ्याच्या डोक्यात दिसला. डाव्या कानाच्या वर, आतल्या बाजूला, मोहरीएवढा पांढरा ठिपका. स्कॅनमध्ये ताजं रक्त पांढरं दिसतं, म्हणून त्याला ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी राउंडवरच्या डॉक्टरांनी पुन्हा स्कॅन सांगितला, तर तिथे काहीच नाही, आणि रंगारी शीळ घालत घरी गेला. मग एक निवृत्त शिक्षिका. जागा तीच, डाग वाटाण्याएवढा. मग एक बस कंडक्टर, आणि डाग लिंबाएवढा. दुसऱ्या कोणी सांगितलेला स्कॅन मात्र दर वेळी स्वच्छ, आणि माणसंही ठणठणीत.

"मॅडम, यंत्राचं तुमच्याशी काहीतरी वाकडं आहे," स्कॅनवाले दादा हसत म्हणाले. कंपनीचा इंजिनिअर येऊन यंत्र तपासून गेला. यंत्र उत्तम होतं.

मला भीती डागाची नव्हती, त्याच्या वाढण्याची होती. एकाच रुग्णाचा आजार बळावत जावा तसा तो वाढत होता, फक्त डोकी बदलत होती. मी स्कॅन सांगणंच सोडलं. गरज पडली की दुसऱ्या डॉक्टरला गळ घालायची आणि त्याची चेष्टा निमूट ऐकून घ्यायची.

त्या दुपारी मात्र विभागात मी एकटीच होते, आणि नवरा आमच्या लेकीला उचलून आत आला. घरात पाय ठरत नाही म्हणून आम्ही तिला भिंगरी म्हणतो. ती शाळेतल्या झोपाळ्यावरून डोक्यावर पडली होती. रस्त्यात दोनदा उलटी झाली होती, आणि आता तिची जीभ जड झाली होती.

"आई, झोप येतेय," ती म्हणाली.

इथे थांबून चालणार नव्हतं. मी माझ्या नावाने स्कॅन सांगितला, आणि पडद्यावर तिच्या डोक्याची डावी बाजू मुठीएवढी पांढरी उमटली.

मेंदूचे सर्जन धावत आले. "कवटी उघडावी लागेल. आत्ताच."

"सर, एकदा तुमच्या नावाने घेऊ," दादा हळूच म्हणाले. आता ते हसत नव्हते. सर वैतागले, पण माझा चेहरा बघून हो म्हणाले. दुसऱ्या स्कॅनमध्ये डाग नव्हता. सरांनी दोन्ही चित्रं शेजारी शेजारी लावली. मग मी त्यांना रंगाऱ्यापासून सगळं सांगितलं.

"हे मला कुणी दुसऱ्याने सांगितलं असतं, तर हाकलून दिलं असतं," ते म्हणाले. "पण धडधाकट पोरीचं डोकं मी कसं फोडू? आणि हा पहिला खरा असेल तर? तू सांग. तुझे रुग्ण तू पाहिलेस."

"अगं, काहीतरी बोल ना," नवरा म्हणाला. त्याच्या सदऱ्यावर तिची उलटी वाळली होती.

कुणाच्या तरी पाया पडावं, यातून मला सोडवा म्हणावं, असं वाटत होतं. पण पाया पडायलाही कुणी नव्हतं, कारण इथे लोक माझ्याच पाया पडायला येतात. मी रंगाऱ्याला आठवलं, शिक्षिकेला आठवलं, कंडक्टरला आठवलं. सगळे आपल्या पायांनी घरी गेले होते.

"थांबू या," मी म्हणाले. "डाग माझा आहे, तिचा नाही."

सर खुर्चीवर टेकले. नवऱ्याने सुटकेचा श्वास सोडला आणि माझा हात घट्ट धरला. तो सोडवून घेऊन मी भिंगरीपाशी गेले. तिला गाढ झोप लागली होती. आत साचलेलं रक्त मेंदू दाबू लागलं, की त्या बाजूची बाहुली उजेडात आकसत नाही. बोटांनी तिच्या पापण्या उघडून मी एकेका डोळ्यात बॅटरीचा झोत टाकला.

उजवी बाहुली लगेच आकसली. डावी तशीच, मोठी, माझ्याकडे बघत राहिली.