डेल्बर्टच्या हातची काडतुसं

दुसऱ्याने भरलेलं काडतूस आपल्या रिव्हॉल्वरमध्ये घालायचं नाही, ही आमच्या मोन्टानातली अकरावी आज्ञा. बायबलमधल्या पहिल्या दहा मोडणारेही ही पाळतात. बंदुकीची दारू चुकून दुप्पट पडली, तर मॅग्नम रिव्हॉल्वर हातातच फुटतं आणि बोटं शेजाऱ्याला वेचावी लागतात.

म्हणून डेल्बर्ट ओस्टबीचं दफन आटोपल्यावर त्याच्या बायकोने, आयोनाने, त्याच्या दोन जुन्या मित्रांच्या, माझ्या आणि वेंडेलच्या, तळहातावर सहा-सहा काडतुसं ठेवली, तेव्हा आमचे चेहरे बघण्यासारखे झाले. शिसं वितळवून गोळ्या डेल्बर्टनेच ओतल्या होत्या, दारूही त्यानेच भरली होती.

"यांनीच मानवंदना द्या त्याला," ती म्हणाली.

डेल्बर्टइतका काटेकोर माणूस अख्ख्या जिल्ह्यात नव्हता, असं तासाभरापूर्वी चर्चमध्ये मीच बोललो होतो. बार काढायला खडीच्या खाणीकडे जाताना मी ती काडतुसं गुपचूप खिशात टाकली आणि दुकानातली भरली.

बारा बार झाले. आयोना रडली. मग तिने रिकाम्या पुंगळ्या आठवण म्हणून मागून घेतल्या आणि उलट्या करून पाहिल्या.

"बुडाला हिरवा ठिपका कुठाय? तो तर एकूणएक पुंगळीला लावायचा."

आम्ही दोघे खडीकडे बघू लागलो. म्हणजे वेंडेलनेही तेच केलं होतं.

"अरे निर्लज्जांनो! तुमच्या ट्रकचे ब्रेक चाळीस वर्षं त्यानेच बसवले ना? घाट उतरताना नाही वाटली भीती?"

मी खिशातलं एक हिरव्या ठिपक्याचं काडतूस भरलं, डावा हात पाठीमागे नेला (एक तरी शाबूत राहावा) आणि चाप ओढला.

फट्. लवंगी फटाका वाजावा एवढाच आवाज. आत दारूच नव्हती. गोळी नळीत अर्ध्यावर अडकून बसली होती.

"होतं असं कधीतरी," मी म्हणालो. "दमट हवा..."

आयोना माझ्या हाताकडे बघत राहिली.

"मार्चपासून तो मला विचारायचा, बाई, तुम्ही कोण? गॅरेजमध्ये बसला की हात मात्र आपसूक चालायचे. म्हटलं, एवढं तरी विसरला नसेल."

वेंडेल मटकन खडीवर बसला. चर्चमध्ये डेल्बर्ट रविवारी नुसता मान डोलावून हसायचा. आमच्याकडे तेवढं संभाषण पुरतं.

"तुम्हाला कळलं होतं ना?" तिने हळूच विचारलं. "म्हणून बदललीत?"

"हो," वेंडेल म्हणाला.

तिने त्याचा हात धरला. "आणि मला बोलला नाहीत. देवमाणसं रे तुम्ही."

आम्हाला कशाचाच पत्ता नव्हता. डेल्बर्ट तिशीतला, ठणठणीत असता, तरी आम्ही हेच केलं असतं.