रविवारचा नायट्रोजन

पत्नीचं वर्षश्राद्ध उरकलं आणि उत्तरेश्वर डॉक्टर मुलीकडे पुण्याला आले. डॉक्टर ही पदवी गावांनी दिलेली, सरकारी कागदावर ते पशुधन पर्यवेक्षक. केज तालुक्यातल्या एकवीस गावांत त्यांनी तेहेतीस वर्षं मोटारसायकलला, रेताच्या नळ्या गोठवून ठेवायचा, द्रव नायट्रोजनचा कंटेनर बांधून गायी-म्हशींना कृत्रिम रेतन केलं. त्या रस्त्यांवर दर दहा पावलांवर कोणीतरी हाक मारायचं, "डॉक्टर, आमची तांबडी बघून जा." वारज्याला बाराव्या मजल्यावर राहायला येऊन आता दीड महिना झाला होता, आणि दीड महिन्यात त्यांना कोणी एकदाही हाक मारली नव्हती.

नम्रता सकाळी आठला हिंजवडीला जायची ती दिवेलागणीनंतर उगवायची. जेवताना विचारायची, "आज काय केलं अण्णा?"

"संघात जाऊन आलो. चांगली माणसं हायत."

कर्वेनगरच्या ज्येष्ठ नागरिक संघात ते खरोखर गेले होते, पण एकदाच. कडक इस्त्रीच्या शर्टातल्या एका गृहस्थांनी त्यांना नखशिखान्त न्याहाळून विचारलं होतं, "आपण कायमचे आलात, की पाहुणे?"

"बघू, अजून ठरलं नाही."

"मग ठरलं की या. फॉर्म कायमच्या लोकांसाठी असतो."

त्यानंतर ते रोज हायवेच्या पुलावर जाऊन उभे राहायचे. खालून सुसाट जाणाऱ्या गाड्यांच्या पाट्या वाचायच्या, त्यात आपल्याकडची एमएच चव्वेचाळीस दिसते का बघायचं. आजवर दोन दिसल्या होत्या. दुसरा एक टेम्पो होता. तो गेला त्या दिशेला ते बराच वेळ बघत राहिले होते.

एका गुरुवारी दुपारी पार्सल आलं. त्यांनी सही करून घेतलं आणि टेबलावर ठेवलं. संध्याकाळी नम्रतानं ते पाहिलं मात्र, चप्पलसुद्धा न काढता कात्री शोधू लागली. आत चकचकीत काळं खोकं, खोक्यात काळा पातळ पत्रा, त्यावर बारीक बारीक चौकोन आणि खाचा. तिनं तो कडांना धरून अलगद उचलला. वर्षभरात तिच्या चेहऱ्यावर असं हसू डॉक्टरांनी पाहिलं नव्हतं.

"हे काय गं?"

"मदरबोर्ड. याच महिन्यात बाजारात आलाय. गेम खेळणारे घेतात, आणि आमच्यासारखे ओव्हरक्लॉकिंग करणारे." त्यांच्या चेहऱ्याकडे बघून तिला समजावून सांगावंसं वाटलं. "कंपनी सांगते प्रोसेसर एवढ्या वेगानं चालवा. आम्ही त्याच्या पुढे पळवतो. साधा बोर्ड तेवढी वीज पुरवू शकत नाही, हा पुरवतो."

"आणि जळाला तर?"

"जळतो कधी कधी."

"मग कशापायी करायचं?"

नम्रतानं बोर्ड उजेडाकडे तिरका धरला. "किती पळतोय ते बघायला," ती म्हणाली. "फार तापतो पण. पंख्यानं, पाण्यानं भागत नाही. खरा पळवायचा तर द्रव नायट्रोजन ओतावा लागतो. त्याचं तापमान..."

"उणे एकशे शहाण्णव," डॉक्टर म्हणाले.

ती बघतच राहिली. मग दोघंही हसले. त्या घरात दोघं एकाच वेळी हसल्याची ती पहिलीच वेळ असावी.

शनिवारी ते तिच्या स्कूटरवर बसून मार्केट यार्डाच्या मागच्या बाजूला गेले. पशुवैद्यकीय सामानाचं दुकान डॉक्टरांनीच फोनाफोनी करून शोधलं होतं. नम्रता एरवी नायट्रोजन कुठून तरी लांबून, हजार खुलासे देऊन आणायची. गल्ल्यावरच्या श्यामसुंदरशेठनं चष्म्यावरून बघत विचारलं, "किती गायी आहेत?"

"गायी नाहीत," नम्रता म्हणाली.

"मग म्हशी?"

"कॉम्प्युटरला पाहिजे."

शेठनं वही बाजूला सारली. "असं. माजावर आलाय का?"

नम्रताचे कान लाल झाले. डॉक्टर पुढे झाले, शेठनं दाखवलेल्या कंटेनरचं झाकण उघडून आत लाकडी पट्टी बुडवली, बाहेर काढून हवेत हलवली आणि पट्टीवर दव कुठवर गोठलंय ते पाहिलं. "दहा लिटरचा म्हणता, सहाच भरलाय. वरपर्यंत भरा. आणि बूच घट्ट बसतंय, ते बदला. गॅस कोंडला तर फुटंल एखाद्या दिवशी."

शेठ उठून उभा राहिला. "आपण खात्यात होतात का?" आता त्याच्या आवाजात अदब होती. घरी येईपर्यंत डॉक्टरांनी कंटेनर दोन पायांत सांभाळून धरला होता, आणि सिंहगड रोडच्या गर्दीतही त्यांना फार बरं वाटत होतं.

रविवारी अकराला नम्रताच्या ऑफिसातले चौघं येणार होते. डॉक्टर सहाला उठले. चुरमुरे भिजवून, वर दाण्याचं कूट आणि कोथिंबीर घालून त्यांनी सात-आठ जणांना पुरेल एवढा सुशीला केला. पत्नीचं नावही सुशीलाबाई; त्या असताना या पदार्थावरून घरात रोज थट्टा चालायची. आता नुसतं नाव घेतलं तरी जीभ अडखळायची, म्हणून ते "चुरमुऱ्याचं" म्हणायचे. खुर्च्या कमी पडतील म्हणून त्यांनी सतरंजीही अंथरली.

अकरा वाजले, साडेअकरा झाले. नम्रतानं बोर्ड टेबलावर उघडाच मांडला होता. ओल लागू नये म्हणून त्यावर बोटानं व्हॅसलीन फासलं होतं, भोवती कागदी रुमाल लावले होते आणि प्रोसेसरवर तांब्याचं उंच भांडं घट्ट बसवलं होतं. फोन वाजला की ती बघायची आणि पालथा ठेवायची. एकीचा मेसेज आला, सासरचे आलेत. दोघांनी नुसता अंगठा पाठवला. दिग्विजय म्हणून एक होता, त्याच्यावर तिचा भरवसा होता. त्यानं फोन उचललाच नाही.

"येतील की," डॉक्टर म्हणाले. "पुण्यात गर्दी किती असती."

"नाही येणार अण्णा. मला माहीत होतं."

"मग दरवेळी कोण असतं तुझ्याबरोबर?"

"कोणी नसतं." तिनं एक वायर उगाच काढून पुन्हा खोचली. "एका हातानं ओतते, एका हातानं टाइप करते. त्यामुळे वेगाचा आकडा वर जातच नाही. भांड्याकडे बघितलं की इकडे चुकतं, इकडे बघितलं की भांडं तापतं."

डॉक्टर सतरंजीवर बसले. आई गेली त्याआधी तीन वर्षं दर रविवारी तिचा फोन आला की नम्रता पाच मिनिटांत म्हणायची, "आई, ठेवते गं, मंडळी आलीत." सुशीलाबाई ताबडतोब फोन ठेवायच्या आणि शेजारच्या आनंदीबाईला कौतुकानं सांगायच्या, पोरीचं घर माणसांनी भरलेलं असतं, आपण कशाला खोळंबा करायचा. आजारपणात शेवटच्या महिन्यांतही त्यांनी तसाच झटक्यात फोन ठेवला होता.

हे बोलून दाखवावं असं डॉक्टरांच्या अगदी ओठांवर आलं. पण मुलीची मान खाली होती, आणि मानेवरचं हाड वर आलेलं दिसत होतं. ती इतकी वाळलीय हे त्यांनी आज पाहिलं.

"मी बी संघात जात नाही," ते म्हणाले. "एकदाच गेलो होतो. घेतलं नाही त्यांनी."

तिनं वर पाहिलं. "मग रोज कुठं जाता?"

"पुलावर. गाड्या बघतो."

"दीड महिना?"

"हां."

ती उठून स्वयंपाकघरात गेली, दोन ताटल्यांत सुशीला घेऊन आली, आणि दोघांनी समोरासमोर बसून तो खाल्ला. पातेलं जवळजवळ भरलेलंच राहिलं.

नम्रता हातमोजे चढवत होती तोवर डॉक्टर हात धुऊन आले आणि त्यांनी बाह्या सारल्या. "आधी खिडक्या उघड सगळ्या. बंद खोलीत हा गॅस माणसाला गुंगवतो, कळत बी नाही. आणि ते सुती मोजे काढ हातातले. भिजले तर कातडीला चिकटून बसतात. आता सांग, कितीवर ठेवायचं?"

"उणे एकशेदहा. एकशेवीसच्या खाली गेलं की प्रोसेसर गोठतो, मशीन बंद पडतं. शंभरच्या वर आलं तरी बंद पडतं."

त्यांनी कंटेनरमधून नायट्रोजन स्टीलच्या थर्मासात घेतला आणि थर्मासातून भांड्यात धार सोडली. पांढरी वाफ भांड्याच्या काठावरून उतरून टेबलभर पसरली. पहिल्यांदा फार पडलं आणि पडदा काळा झाला. दुसऱ्यांदाही तेच. तिसऱ्या खेपेला डॉक्टरांनी तापमानाच्या आकड्याकडे बघणंच सोडलं आणि ते भांड्यातला आवाज ऐकू लागले. सुरुवातीचा चुरचुराट मंदावून नुसती उकळी राहिली की थांबायचं, उकळी विरळ झाली की पुन्हा चार थेंब. हात तोच होता, अंधाऱ्या गोठ्यात कंदिलाच्या उजेडात नळी उचलणारा.

"एकशे अकरा," नम्रता म्हणाली. "एकशेदहा. एकशेदहा. अण्णा, हलतच नाहीये!" तिची दोन्ही हातांची बोटं आता कीबोर्डवर होती. ती वेग चढवत गेली. बोर्डवर बर्फाची पांढरी लव उगवली. दोनदा यंत्र अडखळलं, ती शिव्या पुटपुटली, डॉक्टरांनी ऐकून न ऐकल्यासारखं केलं. तीनच्या सुमाराला तिनं एकाएकी टेबलावर हात आपटला.

"झालं! या बोर्डवर देशात चौथ्या नंबरचा आकडा!"

तिनं तो जगभरातले लोक बघतात त्या ठिकाणी चढवला. मिनिटाभरात अभिनंदनं येऊ लागली. डॉक्टरांनी चष्मा लावून वाचलं. भाऊ, कमाल केलीस. भाई, हात आहे की काय.

"भाऊ काय म्हणतात? त्यांना ठाऊक नाही का पोरगी हाय ते?"

"तिथं टोपणनाव असतं, नाही सांगितलं मी. सांगितलं की लोक वेगळंच बोलायला लागतात." ती पडद्याकडे बघत होती. चाळीस-पन्नास नावं सरकत होती, त्यातल्या एकाचाही चेहरा तिनं पाहिलेला नव्हता. "नाव आपोआप वर येतं अण्णा. कोणी ओतलं ते लिहायला जागा नसते."

"लिहून काय करायचंय," डॉक्टर म्हणाले. त्यांनी वळून ओले रुमाल गोळा केले.

त्यानंतर आणखी दोन रविवार त्यांनी नायट्रोजन आणला. दुसऱ्या रविवारी बोर्ड जळाला. टिचकी मारल्यासारखा बारीक आवाज झाला, वास आला आणि संपलं. नम्रता रडली नाही. नव्यासाठी तीन आठवडे थांबावं लागेल म्हणाली आणि तिनं तो खोक्यात परत ठेवला.

डॉक्टर मात्र तीन आठवडे थांबले नाहीत. गावाकडचं घर बंद होतं, वाळवी लागली असती, असं ते म्हणाले. तिलाही ते कारण खरं मानणं सोयीचं होतं. पुलावर उभं राहून माणसाचे दिवस जात नाहीत, आणि बारा तास बाहेर असणाऱ्या मुलीला घरी कोणी वाट बघतंय याचं ओझंच होतं, हे दोघांनाही कळत होतं. स्वारगेटला ती सोडायला आली. गाडी सुटेपर्यंत खिडकीखाली उभी राहिली. "औषधं वेळेवर घ्या," ती म्हणाली. ते म्हणाले, "खिडकी उघडून करत जा." बस वळणावर गेली तेव्हा त्यांनी मागं पाहिलं, पण ती गर्दीत दिसली नाही.

आता रविवारी सकाळी तिचा फोन येतो. ती तो टेबलावर चालूच ठेवून काम करत बसते. डॉक्टर ओसरीवर खाटेला टेकून तो उशाशी ठेवतात. बोलायचं फारसं नसतंच. तिकडून पंख्यांची घरघर येते, मधूनच ती आकडा सांगते. कधी कधी ते विचारतात, "कोणी आलंय का गं?"

"नाही."

"बरं," ते म्हणतात, आणि कोणीच फोन ठेवत नाही.