कोरडा आख

मी वंगणाचा नळा बोलतोय. हो, तोच, बैलगाडीखाली लोंबकळणारा, बांबूचा, काळाकुट्ट. माझा स्पर्श झाला की लोक आधी आपलं धोतर तपासतात. आता मी रिकामा आहे, तरीही कुणी जवळ येत नाही.

हदगावकडच्या एका खेड्यात ग्यानोबानं मला घडवलं. तो शेषेराव मालकांचा गाडीवान. एरंडेलात जळक्या पेंढीची काजळी खलून तो वंगण करायचा, चिमटीत धरून ताणून बघायचा आणि मगच माझ्यात भरायचा. उन्हाळ्यासाठी घट्ट, थंडीसाठी जरा सैल. त्याची गाडी कधी कुरकुरली नाही. मला त्याचा गर्व होता, खोटं कशाला बोलू?

मोठी लढाई संपली होती, निजामाच्या राज्याची शेवटची वर्षं चालू होती. तेव्हा मालकांनी फौजेतून निघालेली जीप आणली. चिखल, ओढे, नांगरट, कुठंही जाणारी. तिच्यासाठी उदगीरकडचा सिद्धराम ड्रायव्हर ठेवला. मालक गावभर तिच्यात बसून मिरवायचे आणि आम्ही गोठ्याच्या कडेला उभे असायचो.

एका सकाळी ग्यानोबानं गाडीची चाकं उतरवली, चाकं ज्यावर फिरतात त्या आखावरचं जुनं वंगण पुसून लख्ख केलं आणि मला सोडायला वाकला. तेवढ्यात सिद्धराम मालकांना म्हणाला, "चाकातलं ग्रीस संपलंय. नांदेडहून डबा आणावा लागंल. तोवर मोटार काढू नका."

"उद्या मला व्याह्यांकडं जायचं हाय," मालक म्हणाले. "ग्यानोबाचं वंगण हाय की. तेच भर."

सिद्धरामनं कपाळाला हात लावला. "कमानपाट्यांना लावा, चालंल. पण चाकातल्या छर्ऱ्यांना आन् फिरत्या दांड्याच्या सांध्यांना हे टिकणार न्हाई. तापलं की पातळ होऊन वाहून जाईल."

मालक ग्यानोबाकडं वळले. "तू सांग. चालतंय का न्हाई?"

तीस वर्षं वंगण चिमटीत ताणणाऱ्या माणसाला ते कळत नव्हतं? चांगलं कळत होतं. पण मालकांपुढं त्याच्या घरात आजवर कुणी 'न्हाई' म्हटलं नव्हतं. तो खाली मान घालून म्हणाला, "हाव, मालक."

मोटारीसाठी मला तळापर्यंत खरवडलं. पुसलेल्या आखाला बोटभरही उरलं नाही. नवं वंगण उद्या करू म्हणत ग्यानोबानं चाकं कोरडीच चढवली.

दुसऱ्या दिवशी उजाडतानाच त्याची लेक शिवकन्या अडली. पहिलंच बाळंतपण. सुईण चतुराबाई घाबरून बाहेर आली. "लेकरू आडवं हाय. नांदेडच्या दवाखान्यात न्या, जल्दी!"

मालक वाईट माणूस नव्हते, म्हणूनच मला राग जास्त येतो. व्याह्यांकडचं जाणं रद्द करून त्यांनी मोटार दिली. ग्यानोबाचं तोंड एकदा उघडलं आणि मिटलं. पोरीला त्यानंच उचलून मोटारीत ठेवलं. चतुराबाई तिच्याजवळ बसली. तो गाडी जुंपून मागोमाग निघाला, आणि खाली रिकामा मी.

तीन कोसांवर, ओढ्यापलीकडं, मोटार उभी दिसली. पुढच्या चाकातून धूर निघत होता आणि चाकावरून माझंच काळं वंगण पाण्यासारखं ओघळलं होतं. सिद्धराम आणि ग्यानोबानं शिवकन्येला बैलगाडीत घेतलं. पण थोड्याच वेळात कोरडा आख असा तापला की चाक फिरेना. बैल गुडघ्यावर आले. बांधाबांधाला थांबायचं, आखावर पाणी ओतायचं, पुन्हा हाकायचं.

"बाबा, आलं का नांदेड?" शिवकन्या विचारायची.

"आलंच बघ, माय."

पोरीचं पोट चोळायला राखलेलं वाटीभर तेल शेवटी चतुराबाईनं आखावर ओतलं. चाक सुरळीत फिरायला लागलं. पण तोवर शिवकन्येनं विचारायचं थांबवलं होतं.

पंधरा दिवसांनी मालक चावडीवर म्हणाले, "ग्यानोबाच्या वंगणानं माझी मोटार खराब झाली." ग्यानोबा पायरीशीच उभा होता. तेव्हाही तो "हाव, मालक" म्हणाला. मला मालकांचा राग आला, आणि त्याहून जास्त त्याचा आला. आजही आहे.

नांदेडहून ग्रीसचा डबा आला. मोटार पुन्हा धावायला लागली.

मी गोठ्यातल्या खुंटीला टांगलेला आहे. तळाशी वाळलेली खपली, वर कोळ्याचं जाळं. ग्यानोबानं पुन्हा वंगण केलं नाही. तुमच्याकडे एक मागणं आहे: ज्याच्या हाताला एखादी गोष्ट कळते, त्याला कधी असं विचारू नका की त्याला 'न्हाई' म्हणताच येऊ नये.

ग्यानोबाची गाडी आता अख्ख्या शिवाराला ऐकू जाईल अशी किंचाळत जाते. लोक कानात बोटं घालतात, म्हणतात, "ग्यानोबा, वंगण घाल की तिला!"

तो बैलांची पाठ थोपटतो. "वरडू द्या तिला," म्हणतो. "म्या त्या दिवशी वरडलो न्हाई."