ओढा, डोंगर, आकाश

"पान भरून वढाच वढा हाय गो मावशी. डोंगर नाय, आभाल नाय. मना काय समजला नाय."

दीपेशने प्रगतिपत्रक शेवंतीपुढे धरलं. शेवंतीने पदराला हात पुसले आणि पत्रक डोळ्यांपासून लांब नेऊन निरखलं.

चिंचपोकळीच्या त्या शाळेत शेवंती परब बावीस वर्षं शिपाई होती आणि तितकीच वर्षं तिथे निकालाच्या दिवशी एक रिवाज चालत आला होता. पालक वर वर्गात जायचे, बाई श्रेणी समजावून सांगायच्या, पालक माना डोलवायचे आणि खाली येऊन पाण्याच्या टाकीपाशी घोटाळायचे. ताकाला जाऊन भांडं लपवायचा प्रकार सगळा. एक ग्लास पाणी, दुसरा ग्लास पाणी, आणि मग हळूच, "मावशी, ब-दोन म्हणजे बरं की वाईट हो?"

शेवंती कणकवलीकडच्या वाडीत चौथीपर्यंत शिकलेली. पण वासरांत लंगडी गाय शहाणी. अ-एक आला तर पेढे वाटा, ब आला तर पाठीवर हात फिरवा, क आला तर रोज जवळ घेऊन बसा, आणि ड आला तर पोराला मारू नका, आधी त्याचे डोळे तपासून घ्या. इतका सरळ निवाडा मुख्याध्यापकांनाही जमला नसता. एकाचे डोळे खरोखरच अधू निघाले होते. तेव्हापासून तर लालबागपर्यंत तिचं नाव झालं होतं.

यंदा पहिलीचं पत्रक बदललं होतं. श्रेणीची अक्षरंच नव्हती. प्रत्येक विषयापुढे तीन चित्रं, ओढा, डोंगर आणि आकाश, आणि त्यांतल्या एकावर खूण. शेवंतीला कुणी काही सांगितलं नव्हतं आणि तिलाही विचारायची गरज वाटली नव्हती. पहिलीच्या पालकांपैकी आज तिला विचारायला आला तो एकटा दीपेश. अ आधी येतो, मग ब, मग क. आधीचं ते वरचं. यात विचारायचं काय?

"अरे बाबा, चित्रं कशी लावलीत बघ की! पहिला ओढा. मग डोंगर. आकाश सगळ्यात शेवटी. तुझा चेडू पयला इला हा! सगळ्या विषयांत!"

दीपेशने एकदा पत्रकाकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे. माझगावच्या कोळीवाड्यातला हा तिशीचा माणूस. बायको सकाळी बाजारात मासळी घेऊन बसते, म्हणून आज पहिल्यांदाच तो मुलीच्या शाळेत आला होता.

"माजी शाला तिसरीन सुटली गो," तो म्हणाला. "वर्गान तोंड उघारला का पोरा हसायची. आमची बोली आयकून. आनि माजी ऋतिका पयली?" तो वाकून शेवंतीच्या पाया पडला. तो चंदू तांडेलाच्या बोटीवर खलाशी, असं त्याने सांगितलं; अडीचला ती बोट भाऊच्या धक्क्यावरून बारा दिवसांसाठी सुटणार होती. जाताना तो चक्क पळत गेला.

तो गेल्यावर, सकाळच्या महाराष्ट्र दिनाच्या झेंडावंदनाच्या खुर्च्या आत घेताना शेवंतीने पहिलीच्या अनुजाबाईंना गाठलं. "ती कोळ्याची ऋतिका पहिली आली म्हणे! बापाला किती आनंद झाला!"

अनुजाबाई तरुण होत्या, शाळेत येऊन दोनच वर्षं झालेली. त्यांनी हातातलं काम ठेवलं. "पहिली? मावशी, ओढा म्हणजे सुरुवात. मूल अजून शिकायला लागलंय. डोंगर म्हणजे पुष्कळ जमतं आणि आकाश म्हणजे सगळं जमतं. त्यांना वर सांगितलं होतं मी."

"ते मान डोलवत होते का?"

"हो."

वर मान डोलवणाऱ्या माणसाला काय कळलेलं असतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक?

"पण शेवटचं पान वाचून दाखवलंत ना त्यांना?" बाईंनी विचारलं.

"तिथे काय असतं?"

बाईंनी न आलेल्या मुलांची चार पत्रकं तिच्या हातात दिली. शेवंतीने शेवटची पानं उलटली. चारही पानं हाताने लिहिलेली, काठोकाठ भरलेली. एक मुलगा बुटाची नाडी बांधायला कधी शिकला ते तारखेसकट. एकीला पावसाची भीती वाटते आणि ती कशामुळे कमी होते, ते. कुणाचंही पान दुसऱ्यासारखं नव्हतं. वर्गात चौतीस पोरं. म्हणजे या पोरगेल्या बाईंनी चौतीस जीव वर्षभर असे डोळ्यांत तेल घालून पाहिले होते! बावीस वर्षं ती अ आणि ब वाचत बसली होती, आणि एका पोराचं एवढं काही लिहिता येतं हे तिच्या गावीही नव्हतं.

दीड वाजून गेला होता. गप्प बसणं सोपं होतं. माणूस बारा दिवस समुद्रात खुशीत राहील, परत येईस्तोवर सुट्टी लागलेली असेल, कोण विचारतंय? नाही कशाला म्हणा, शेवंतीने तसा विचार केलाही. पण ज्या बोटीवर तो ही बातमी सांगत सुटेल, तिथल्या प्रत्येकाला कधी ना कधी खरं कळणार होतं. मग हसणार कोण, आणि हसणार कुणाला? बापाला एकदा हसून झालं होतं. तिने रस्त्यावर येऊन टॅक्सीला हात केला, जो ती एरवी फक्त आजारपणात करत असे.

धक्क्यावर बर्फ फोडून बोटीत भरणं चालू होतं. चंदू तांडेलाची बोट विचारत शेवंती पोचली तेव्हा दीपेश पेढ्याचा पुडा हातात धरून उभा होता. बोटीचा म्होरक्या खुद्द चंदू तांडेल, पिकल्या मिशांचा, पेढा चघळत होता.

"मावशी! तू कशी आली?"

शेवंतीने दम खाल्ला. "दीपेश, मी चुकले. ओढा म्हणजे पहिला नंबर नव्हे. ओढा म्हणजे सुरुवात. सगळ्यात वर आकाश."

बर्फ फोडणाऱ्यांचे हात थांबले. दीपेशने पुडा हळूच खाली ठेवला.

"म्हंजे नापास?"

"नापास-बिपास काय नाय त्यात. अजून शिकतेय, एवढंच. चूक माझी, पोरीची नाय. बारा दिवस खोटं घेऊन पाण्यात जाऊ नको, म्हणून आले." "आणि शेवटचं पान मी वाचलंच नव्हतं. आण इकडे."

त्याने शर्टाच्या आतून पत्रक काढलं. प्लास्टिकच्या पिशवीत नीट गुंडाळून ठेवलं होतं. त्या पानावर काय असेल हे शेवंतीलाही माहीत नव्हतं. ती अक्षरांवर बोट ठेवून सावकाश वाचू लागली.

"'जूनमध्ये ऋतिका दाराशी बसत असे. तिच्या बोलण्याला मुले हसली, म्हणून तिने बोलणे थांबवले.'"

दीपेशने डोळे मिटले. शेवंती क्षणभर अडखळली, पण थांबली नाही.

"'सप्टेंबरपर्यंत मी तिचा आवाज ऐकला नव्हता. मग मी तिला माशांची नावे विचारली. तिने फळ्यापाशी उभे राहून तिच्या बोलीत तेवीस माशांची नावे सांगितली. ती सगळ्या वर्गाने तिच्याकडून शिकून घेतली. मीही शिकले. त्यानंतर तिला कोणी हसले नाही. जानेवारीत एक नवीन मुलगी आली. ती रडत होती. ऋतिकाने स्वतःहून तिचा हात धरून तिला आपल्याशेजारी बसवले. वाचनाची तिची आता सुरुवात आहे. तिला वेळ द्यावा.'"

त्या दोन पोरी रोज मधल्या सुट्टीत हातात हात घालून टाकीपाशी येत. शेवंतीने त्यांना शंभरदा पाणी दिलं होतं. दिलं होतं, आणि पाहिलं मात्र काहीच नव्हतं.

"तेवीस?" तांडेल पुटपुटला. "सा वर्साची पोर?"

"बाई शिकली?" दीपेशने विचारलं. "माज्या पोरीकडशी? आमच्या बोलीन?"

"असं लिवलंय. बाईंनी स्वतः बघून लिवलंय. याच्यात माझं काय नाय."

"पुन्ना वाच."

तिने पुन्हा वाचलं. तिसऱ्यांदा वाचलं तेव्हा दीपेशचे ओठ तिच्याबरोबर हलत होते. तांडेलाने घड्याळ पाहिलं आणि हात खाली केला. बर्फाचं पाणी सगळ्यांच्या पायांखालून वाहत होतं.

मग दीपेशने पत्रक पिशवीत घालून शेवंतीच्या हाती दिलं. "भिजंल तिकरं. तू घरा दे. ऋतिकाच्या आयशीला वाचून दाव, असाच." उरलेला पेढ्यांचा पुडा त्याने उचलला आणि पुन्हा एकेकाला वाटायला सुरुवात केली.

दोर सुटला. इंजिन धडधडायला लागलं. मागच्या टोकाला उभा राहून दीपेश तांडेलाला मोठमोठ्याने सांगत होता, पाठ केलेलं, शाळेच्या भाषेत, एकेक शब्द सांभाळून.

"...जानेवारीत एक नवीन मुलगी आली. ती रडत होती. ऋतिकाने तिचा हात धरून..."

"स्वतःहून!" शेवंती धक्क्याच्या अगदी कडेला जाऊन ओरडली. "स्वतःहून हात धरून!"

त्याने कानामागे हात धरला. तिने पुन्हा ओरडून सांगितलं. बोट आणखी थोडी लांब गेली. मग दीपेशने हात वर केला आणि पाण्यावरून त्याचा आवाज आला.

"ऋतिकाने स्वतःहून!"