लाभाचा हेलकावा

मित्रांनो, अडगळीच्या खोलीचे दार उघडले की आधी मी हलतो आणि मग उजेड आत येतो. दारामागे एक खिळा आहे. त्याला माझी दोरी अडकवलेली आहे. कुणी झाडू न्यायला येते, कुणी मोडकी खुर्ची ठेवायला येते. दाराला हिसका बसतो, मी लाकडावर आपटतो, इकडून तिकडे थोडासा जातो आणि थांबतो. कुणी मोजत नाही. मला मोजायचे असते, हे आता या शाळेत कुणाला ठाऊकही नसावे.

मी लंबक आहे. पितळेचा, पेरूएवढा, आतून पोकळ. माझ्या तळाला सुई जाईल एवढे एक भोक आहे. ते भोक बघून लोक मला गळके भांडे समजतात. पण ते मुद्दाम पाडलेले आहे हो. माझी सगळी गोष्ट त्या भोकातूनच बाहेर आली.

नाशकातल्या तांबट आळीत माझा जन्म झाला. सन एकोणीसशे बत्तीस असावे. आळीत दिवसभर ठोक्यांचा आवाज चाले, त्यामुळे माणसे एकमेकांशी ओरडूनच बोलत. गंगेच्या, म्हणजे गोदावरीच्या, अलीकडच्या एका शाळेतले गोरक्षगुरुजी गोटीराम तांबटाच्या दुकानी आले आणि त्यांनी खडूने पाटीवर माझे चित्र काढून दाखवले.

"आयुष्यभर लोकांची गळकी भांडी बुजवली मी," गोटीराम म्हणाला. "भोक पाडून मागणारे तुम्ही पहिलेच. महादेवावर पाणी धरायची गळती करायचीय का?"

"गळतीच समजा. पण पाणी नाही, रांगोळी गळायला हवी. आणि ही एका जागी राहायची नाही, झोके घ्यायची."

"झोके घेणारी गळती," गोटीराम भात्याकडे बघून म्हणाला. "महादेवानं ऐकलं नाही म्हणजे बरं."

त्याने दोन वाट्या ठोकल्या, त्या एकमेकींना जोडल्या, वर कडी बसवली. रांगोळी भरायला माझ्या खांद्यावर एक छोटे झाकण केले. मग मला उजेडाकडे धरून त्याने एक डोळा मिटला आणि भोकातून आत बघितले. एवढ्या जवळून माझ्याकडे बघणारा तो पहिला माणूस. त्याच्यानंतर असे फार थोडे झाले.

शाळेच्या लांब ओसरीच्या टोकाला एक तुळई होती. गुरुजींनी मला तिथे टांगले. माझी दोरी त्यांनी पुन्हा पुन्हा कमीजास्त केली. हेडमास्तरांच्या खोलीतल्या घड्याळाचा एक मिनिट भरायला माझे बरोबर तीस हेलकावे व्हावेत, असे त्यांना हवे होते. जाऊन परत आले की एक हेलकावा. ते जमले तेव्हा त्यांनी मुलांना सांगितले, "बाळांनो, किती लांब आणि किती वेळात, ही दोन्ही विचारल्याशिवाय कुणाला जलद म्हणू नका. आणि कुणाला हळूही म्हणू नका."

मग माझे कामाचे दिवस सुरू झाले. माझ्या पोटात बारीक रांगोळी भरायची, मला एका बाजूला ओढून सोडायचे, आणि माझ्याखालून एक लांब काळी फळी सावकाश ओढत न्यायची. मी झोके घेई, फळी पुढे सरके, आणि तिच्यावर पांढरी नागमोडी रेघ उमटे. एका हेलकाव्याची एक लाट. वेळ म्हणजे दिसत नाही अशी वस्तू, पण त्या फळीवर मुलांनी ती डोळ्यांनी पाहिली. गोटी घरंगळत गेली, तिचा वेळ मी लिहिला. शेजारची शेळी ओसरीवरून धावली, तिचाही लिहिला. खंडेनवमीला मुलांनी मला हळदकुंकू लावून झेंडूचे फूल वाहिले. मला वाटले, आपल्याला आता कधी काही कमी पडायचे नाही.

पण शाळा सुटली की ओसरी रिकामी होई. फळी झटकली जाई आणि मी लिहिलेले सगळे खाली पडे. शिपाई ते केराबरोबर लोटून नेई. मी दिवसभर किती चाललो, तरी संध्याकाळी मी त्याच तुळईखाली. मी चालतो खूप, पण कुठे पोहोचत नाही. ही माझी जातच आहे, त्याला इलाज नाही.

त्या ओसरीवरून मला समोरचा रस्ता दिसे. रोज सकाळी पहिली घंटा झाली की मुलांचे घोळके येत. दुसऱ्या घंटेला दार लागे. आणि मग, रस्ता मोकळा झाल्यावर, एक मुलगी एकटीच येताना दिसे. तिचे नाव बया. तान्ही असताना ताप येऊन तिचा उजवा पाय बारीक राहिला होता. पाऊल, ओढ. पाऊल, ओढ. तिच्याबरोबर कुणी चालत नसे, कारण तिच्या चालीने चालायला कुणाला धीर नव्हता. रस्त्याच्या वळणावर तिची आई कुसाबाई उभी असे. पोर शाळेच्या पायरीला लागेपर्यंत ती बाई हलत नसे. डोक्यावरचा पदर वाऱ्याने उडाला तरी तिचे लक्ष नसे.

पायरीला लागून उपयोग काय? दार लागलेले. उशिरा येणाऱ्याने बाहेर उभे राहायचे, असा हेडमास्तरांचा नियम होता. बया उन्हात उभी राही. आम्ही दोघे एकमेकांकडे बघत असू. तीही एकटी, मीही.

एक दिवस कुसाबाई वळणावरून पुढे आली आणि पायरीशी येऊन उभी राहिली.

"गुरुजी, पोरीचं नाव काढून टाका," ती म्हणाली. "रोज दाराशी उभी ऱ्हाती. येणारी-जाणारी माणसं इचारत्यात, काय चोरलं का पोरीनं. त्यापरीस घरी बरी. तिचे बाबाबी तेच म्हणत्यात."

"तिला थोडं लवकर पाठवा ना, बाई."

"लवकर म्हंजी कवा? घरात घड्याळ नाय. घंटा ऐकली की लगेच काढते मी तिला. हातातली भाकर तव्यावर टाकून येते."

गुरुजी तिला थांबायला सांगून हेडमास्तरांकडे गेले. पहिली घंटा थोडी अलीकडे आणावी, म्हणजे ती ऐकून निघालेली मुलगी वेळेत पोहोचेल, असे त्यांचे म्हणणे.

"घंटा शाळेची आहे, गुरुजी. एका मुलीची नाही," हेडमास्तर म्हणाले. "आणि किती अलीकडे? आज तिच्यासाठी दहा मिनिटं, उद्या आणखी कुणासाठी वीस. काही माप आहे का याला?"

"माप आहे. मोजून सांगतो."

"सांगा मोजून. तुमच्या मापानं एक दिवस घंटा देऊ. पोरगी आत आली तर तीच वेळ कायम. नाही आली, तर तिच्या आईचं ऐका."

आता मित्रांनो, बयाची शाळा माझ्या दोरीला लटकली होती.

त्या दिवशी वर्गातल्या सगळ्यांचीच चाल मोजायचे ठरले. एकाने ओसरी चालायची. मासूमा नावाच्या मुलीने फळी ओढायची आणि चालणारा टोकाला पोहोचला की माझ्या भोकाला बोट लावून रांगोळी थांबवायची. हेलकावे मोठ्याने म्हणायचे काम बयाचे. तिच्याच वर्गातला फारुख भिंतीकडे तोंड करून कोळशाने रेघा मारी, एका हाकेला एक रेघ.

बयाचा बाप भुसार बाजारात मापारी होता. दिवसभर पायलीने धान्य मापायचे आणि मोठ्याने मोजायचे, हा त्याचा धंदा. धान्य मापताना पहिल्या मापाला कुणी 'एक' म्हणत नाही, 'लाभ' म्हणतात. घरात बरकत यावी म्हणून. बया तशीच मोजायची, बापाच्या चालीवर, सूर लांबवून: "लाऽभ... दोऽन... तीऽन..." मला तिचा आवाज फार आवडे. माझ्या येण्याजाण्याला कुणी तरी नाव देत आहे, असे वाटे.

मुले चालली. कुणी आधी पळाले आणि मग रमले, कुणी मागे बघून हसले. दोनदा चालवले तर दोनदा वेगळा वेळ. सर्वांत शेवटी बया. "मीच म्हणते, मला दिसतो तो," ती म्हणाली, आणि माझ्यावर डोळे लावून माझ्याच दिशेने चालत आली. पाऊल, ओढ. ती पडली तर धरायला गुरुजी तिच्या पायांकडे बघत मागेमागे होते. तिला तीनदा चालवले. तिन्ही वेळा तेवढाच वेळ.

"बघा रे," गुरुजी म्हणाले. "साऱ्या वर्गात एकसारखी चाल हिची एकटीची."

"घड्याळच आहे ती," फारुख म्हणाला. "फक्त काटा वाकडा."

बया हसली. ती हसलेली मी पहिल्यांदा पाहिली.

आकडा कुणी मनात धरला नव्हता, भिंतीवर रेघा होत्या ना. प्रत्येक वेळी आठ. गुरुजींनी सुट्टीच्या दिवशी दोर घेऊन बयाच्या दारापासून शाळेपर्यंत रस्ता मोजला. नव्वद ओसऱ्या भरला. त्यांनी हिशेब केला, चोवीस मिनिटे. दुसऱ्या घंटेच्या आधी चोवीस मिनिटे पहिली घंटा द्यायची.

सोमवारी तशी घंटा दिली. मी रस्त्याकडे बघत होतो. घोळके आले. दुसरी घंटा झाली, दार लागले, आणि बया अजून रस्त्यातच होती. घाई केली असती तर ती पडली असती. ती आपल्या चालीने आली आणि तीन मिनिटे उशिरा बंद दारापुढे उभी राहिली. हेडमास्तर बाहेर आले, मागोमाग गुरुजी आणि वर्गातली मुले. वळणावरून कुसाबाई आली. गुरुजी भिंतीवरच्या रेघा पुन्हा पुन्हा मोजत होते. आठच होत्या.

मला खरे काय ते ठाऊक होते. मी नऊ वेळा गेलो आलो होतो. पण मला तोंड नाही. एक भोक आहे, आणि त्यातून जे सांगायचे ते मी सांगून बसलो होतो. ते कुणी वाचले नव्हते, एवढेच.

बयाची पाळी शेवटची होती, म्हणून तिची फळी झटकायची राहिली होती. ती ओसरीच्या कोपऱ्यात दोन बाकांवर तशीच आडवी होती. मोठी माणसे भिंतीकडे बघत असताना बया तिच्यापाशी गेली. कदाचित शेवटचे बघून घ्यावे म्हणून गेली असेल. तिने लाटेवर बोट धरले आणि सवयीने म्हणाली, "लाभ, दोन, तीन..." बोट शेवटच्या लाटेवर आले. "नऊ."

"आठ," फारुख म्हणाला. "मी स्वतः मारल्यात रेघा."

"नऊ हायेत. ये, बघ."

"अगं, तू म्हणत गेलीस तशा मारल्या. तू दोन म्हणालीस, तेव्हा पहिली मारली."

"आन् लाभाची?"

"लाभाची पण मारायची असते?" फारुख म्हणाला. "मला वाटलं, तू देवाचं नाव घेतेस."

गुरुजी वळले. त्यांनी आणि मासूमाने ती फळी दोन बाजूंनी उचलली आणि श्वास रोखून, वाऱ्याने रेघ उडू नये अशी, हेडमास्तरांपुढे आणून ठेवली.

"लाटा मोजा, साहेब."

"हिशेब चुकला तो चुकला, गुरुजी," हेडमास्तर म्हणाले. पण ते वाकले. चष्मा नाकावर सरकवून त्यांनी पहिल्या लाटेवर बोट ठेवले. "लाभ," ते म्हणाले, "दोन, ती..."

आणि थांबले. त्यांच्याही घरी धान्य मापून घेत असणारच.

कुसाबाईने पदर तोंडाला लावला. ती हसत होती की रडत होती, ते मला नीट दिसले नाही.

"एका ओसरीला एक हेलकावा राहिला," गुरुजी हळू म्हणाले. "नव्वद ओसऱ्यांचे नव्वद राहिले. तेवढीच तीन मिनिटं."

हेडमास्तर सरळ उभे राहिले. "उद्या सत्तावीस मिनिटं आधी द्या घंटा," ते म्हणाले आणि स्वतः दाराची एक फळी उघडी धरून उभे राहिले. "चल गं, आत ये."

दुसऱ्या दिवशी दुसऱ्या घंटेचा शेवटचा ठोका पडत होता, तेव्हा बयाचा बारीक पाय उंबऱ्याच्या आत पडला. वळणावरची बाई त्या दिवशी लगेच घरी गेली.

त्यानंतर दोन वर्षे बया माझे हेलकावे म्हणत होती. ती 'लाभ' म्हणाली की फारुख भिंतीकडून ओरडे, "मारली गं, मारली." मग तिची चौथी झाली आणि ती गेली. पुढच्या साली गुरुजींची इगतपुरीला बदली झाली. जाताना त्यांनी मला ओंजळीत घेतले, माझ्यातली रांगोळी काढून टाकली आणि पुन्हा टांगले. मी शाळेच्या मालकीचा, त्यांना मला नेता येत नव्हते.

नव्या मास्तरांनी गतीचा धडा पुस्तकातून वाचून घेतला. उंच मुलांच्या डोक्याला मी लागतो, म्हणून मला तुळईवरून काढले. काही दिवस एका खिडकीचे दार आपटू नये म्हणून मला तिच्या कडीला बांधले होते. मग इथे, या खिळ्यावर. माझ्या भोकात आता कोळ्याने जाळे केले आहे.

तरी एक गोष्ट मला इथे अंधारातही कळते. ती पहिली घंटा अजून त्याच वेळी होते. दुसरीच्या सत्तावीस मिनिटे आधी. इतकी आधी का, हे आता कुणाला ठाऊक नाही. शिपाई म्हणतो, पूर्वीपासूनचीच पद्धत आहे. घोळके लवकर येतात आणि अंगणात दंगा करतात. घंटा झाली की मी मनातल्या मनात तो रिकामा रस्ता बघतो. पाऊल, ओढ. पाऊल, ओढ.

मित्रांनो, जुन्या वस्तूंना फार काही लागत नाही. तुमच्या शाळेच्या अडगळीत माझ्यासारखा कुणी असेल, तर त्याचे भोक सुईने मोकळे करा. त्याला दोरीने टांगा, थोडा ओढा आणि सोडून द्या. आणि वाटेत कुणी मागे राहिलेले दिसले, तर ते हळू आहे असे म्हणण्याआधी त्याच्याबरोबर एकदा ओसरीभर चालून बघा.

मोजताना मात्र पहिला सोडू नका. मी परत आलो की म्हणा, लाभ. आणि त्याची रेघ मारा.